ऑफिस टाईम : एका फुलाच्या नावाचा इतिहास

मराठीत फुलांची नावे बहुधा रूपावरून, रंगावरून किंवा गंधावरून पडलेली आढळतात. गोकर्ण म्हटले की आकार डोळ्यांपुढे येतो, रातराणी म्हटले की गंध. काही थोडी नावे मात्र वेळेवरून पडली आहेत, आणि त्यांत एक नाव असे आहे की ते उच्चारताच बागेऐवजी हजेरीपट आठवावा. ते म्हणजे 'ऑफिस टाईम'. कुंडीतून, पत्र्याच्या डब्यातून, कुंपणाच्या कडेने जमिनीलगत पसरणारी ही मांसल पानांची वनस्पती सकाळी ऊन चढू लागले की गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी, किरमिजी फुले उघडते आणि दुपार कलता कलता ती मिटून टाकते. कुणी तिला चिनी गुलाब म्हणतात. वस्तुतः ती चीनची नाही आणि गुलाबाच्या कुळातीलही नाही. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा असे आहे. आम्हांला मात्र येथे 'ऑफिस टाईम' या नावाविषयीच लिहायचे आहे. कारण या दोन इंग्रजी शब्दांत आपल्या मध्यमवर्गीय जीवनाचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास दुमडून ठेवलेला आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम तिच्या मूळ देशाविषयी. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिना हे तिचे माहेर. जॉन गिलीज (१७९२–१८३४) नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर, पूर्वी आरमारात शल्यवैद्य असलेला, १८२०च्या दशकात प्रकृतीच्या कारणाने अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, मेंडोझा येथे जाऊन राहिला. रोग्यांच्या सेवेतून उरलेला वेळ तो वनस्पती गोळा करण्यात घालवी आणि नमुने व बी मायदेशी पाठवी. पंपास मैदानाच्या पश्चिम कडेपासून मेंडोझाजवळच्या डोंगरांपर्यंत हलक्या, रेताड जमिनीवर ही फुले त्याला इतक्या प्रचंड संख्येने दिसली, की सारी भूमीच जांभळी भासत होती आणि तीत मधूनमधून केशरी ठिपके होते. ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८२९ मध्ये 'कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन'मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि 'मोठ्या फुलांची' अशा अर्थाचे ग्रँडिफ्लोरा हे नाव तिला दिले. गिलीज त्यानंतर पाचच वर्षांनी निवर्तला. त्याच्या स्मरणार्थ गिलिएसिया नावाची एक निराळीच वनस्पती आहे. जिने त्याच्या वाटेवरची जमीन रंगवली होती तिच्या नावात मात्र त्याचा मागमूस नाही.

'पोर्तुलाका' हा शब्द जुना आहे. लॅटिनमध्ये त्याचा संबंध 'छोटे दार' या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. या कुळातील वनस्पतींचे फळ पिकले की त्याचा वरचा भाग झाकणासारखा अलगद सुटतो आणि आत राखाडी, चमकदार, खसखशीहूनही बारीक बी दिसते. ज्याने हे झाकण नखाने उचलून पाहिले आहे त्याला या व्युत्पत्तीसाठी कोश उघडण्याची गरज पडू नये.

हे कूळ आपल्याला अपरिचित नाही. लिनियसने १७५३ मध्ये जिला पोर्तुलाका ओलेरासिया असे नाव दिले ती आपली घोळ. संस्कृत वैद्यकग्रंथांतली लोणिका. तिची धाकटी बहीण चिवळ विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात भाजीबाजारात दिसते. म्हणजे हे फूल आपल्याकडे आले तेव्हा त्याचे नातलग आपल्या स्वयंपाकघरात आधीच होते. ऑफिस टाईम प्रथम पाहणाऱ्या एखाद्या आजीबाईने "ही तर घोळच, फक्त नटलेली" असे म्हटले असेल, तर तिने शास्त्रज्ञांना न विचारता बरोबर कूळ ओळखले असे म्हणावे लागेल.

आता वेळेकडे वळू. फुलांच्या उमलण्यावरून दिवसाचे भाग ओळखणे ही गोष्ट नवी नाही. लिनियसनेच १७५१च्या 'फिलॉसोफिया बोटॅनिका' या ग्रंथात फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती : ठरावीक वेळी उमलणाऱ्या व मिटणाऱ्या फुलांचे वाफे असे रचायचे की त्यांकडे पाहून किती वाजले ते सांगता यावे. आपल्याकडे अशी रचना कुणी केली नसेल, पण भाषेने ती केलेली आहे. पावसाळ्याच्या अखेरीस लाल फुलांनी बहरणाऱ्या एका झुडपाला आपण 'तांबडी दुपारी' म्हणतो. संस्कृत कवींनी ओठांच्या उपमेसाठी ज्याला वारंवार राबवले तो बंधूक हाच. ते माध्यान्ही उमलते, म्हणून ते दुपारी. आणि 'दुपार' हा शब्द तरी काय आहे? द्विप्रहर, म्हणजे दिवसाचा दुसरा प्रहर संपण्याची वेळ. घटका, पळे आणि प्रहर यांनी दिवस मोजणाऱ्या समाजाने त्या फुलाला नाव दिले, तेव्हा ते सूर्याच्या स्थानावरून दिले.

'ऑफिस टाईम' हे नाव देणारा समाज निराळा. त्याचा दिवस सूर्याच्या स्थानावरून ठरत नव्हता, कचेरीच्या घड्याळावरून ठरत होता. दुपारी आणि ऑफिस टाईम या दोन फुलांच्या नावांमध्ये जे अंतर आहे, तेच आपल्या कालगणनेतले स्थित्यंतर आहे. दोन्ही फुले मुळात एकच काम करतात. ऊन पाहून उघडतात. बदलला तो पाहणारा.

हे स्थित्यंतर निमूटपणे झाले असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे घड्याळ मुंबईच्या सूर्याप्रमाणे चाले. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावे आणि ती मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी व्यवहारासाठी मुंबईतही मद्रास वेळ लागू केली. शहराने ती मानली नाही. राजाबाई मनोऱ्यावरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी हासुद्धा वादाचा विषय झाला आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईच्या वेळेहून ती ३९ मिनिटे पुढे. गिरणी कामगारांनी निषेध केला, महापालिकेने जुनीच वेळ पाळण्याचा हट्ट धरला आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबईची स्वतःची वेळ शहरात टिकून राहिली.

या ३९ मिनिटांचा अर्थ काय? ज्याला घड्याळी दहाला कचेरीत पोचायचे आहे, त्याने सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी घर सोडायचे. फुलाच्या बाजूने पाहिले तर, मुंबईच्या जुन्या वेळेप्रमाणे सव्वानऊला उघडणारे फूल नव्या घड्याळात दहाला सहा मिनिटे कमी असताना उघडणार. फुलाने काहीच बदललेले नाही. त्याला ना फर्ग्युसनसाहेबांचा हुकूम पोचला, ना प्रमाणवेळेचा. आभाळ भरून आले असेल त्या दिवशी ते उशिरा उघडते, कधी उघडतही नाही; कडक उन्हाळ्यात लवकर उघडते. असल्या अनियमित नोकराला कोणत्याही हेडक्लार्कने पहिल्याच महिन्यात मेमो दिला असता. तरीही आपण त्याला ऑफिस टाईम म्हटले, हा या नावातला पहिला विनोद.

वेळेवरून या फुलाला नाव देणारे आपण एकटे नाही. खुद्द ब्राझीलमध्ये, म्हणजे माहेरी, त्याचे पोर्तुगीज नाव 'अकरा वाजता' अशा अर्थाचे आहे. तमिळ आणि मल्याळममध्ये ते 'पत्तुमणी', म्हणजे दहा वाजताचे. व्हिएतनाममध्येही दहा वाजताचेच. या सगळ्यांनी घड्याळातला आकडा घेतला. मराठीने आकड्याऐवजी कचेरी घेतली. केवळ वेळ सांगायची असती तर 'दहाचे फूल' पुरले असते. ज्या घरात दिवसाची मुख्य घटना 'ऑफिसला जाणे' ही होती, अशाच घरात हे नाव जन्माला येऊ शकते.

पण कुणाच्या तोंडी? येथे आम्हांला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आमचे लहानपण सोलापुरात गेले. वडील सरकारी कचेरीत कारकून. आमच्या बिऱ्हाडाच्या दारापुढे, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत आणि एका फुटक्या घमेल्यात आईने ऑफिस टाईम लावले होते. सव्वानऊला वडील सायकलीला डबा अडकवून निघत, तेव्हा कळ्या टोकदार आणि बंद असत. साडेनऊनंतर घमेले रंगू लागे. सायंकाळी सहाला वडील परतत, तेव्हा डब्यांत केवळ मिटलेल्या, ओलसर चिंध्या उरलेल्या असत. ज्याच्या कचेरीवरून फुलाचे नाव पडले, त्याला रविवार आणि सणावारांच्या सुट्ट्या सोडल्या तर ते फूल कधी उघडे दिसलेच नाही.

तेव्हा हे नाव कचेरीत जाणाऱ्याने ठेवले असणे कठीण दिसते. ते घरी राहणाऱ्या व्यक्तीने ठेवले असावे. जिने नवऱ्याची पाठ वळताना पाहिली आणि वळून पाहते तो दारात फुले उघडलेली पाहिली. 'हे ऑफिसला गेले की ते उमलते', एवढ्याच वाक्याचा तो संक्षेप असावा. हे आमचे अनुमान आहे. त्याला कागदोपत्री आधार दाखवता येणार नाही. मात्र उलट बाजूनेही विचार करून पाहावा. दहा ते पाच या वेळेला पुरुषांच्या भाषेत 'काम' म्हणतात. त्याच वेळेत घरात भांडी, धुणे, निवडणे, टिपणे, आजारपणे हे सारे चालते आणि त्याला कोणी काम म्हणत नाही, ना त्याची हजेरी लागते. त्या दिवसाच्या मध्यावर, सर्वांना डबे देऊन झाल्यावर, घरातल्या बाईची म्हणून जी थोडी मोकळी घटका येई तिच्यासमोर हे फूल उघडे असे. इंग्रजी शब्द वापरून ठेवलेले हे नाव, इंग्रजी न शिकलेल्या कितीतरी बायकांनी घराघरांतून रूढ केले. शब्द कचेरीचा, पण मालकी घरची.

त्या मालकीचे आणखी एक लक्षण आहे. हे फूल पूजेला चालत नाही असे नव्हे. पण पूजेची फुले पहाटे खुडतात आणि त्या वेळी हे उमललेले नसते. त्याला गंध नाही, म्हणून ते वेणीत नाही. खुडल्यावर ते टिकत नाही, म्हणून ते हारात नाही, बाजारात नाही. देव, केस आणि बाजार या तिन्ही वाटा त्याला बंद. जे फूल कशाच्याही 'उपयोगी' नाही ते वर्षानुवर्षे डब्यांतून जपले गेले, याचा अर्थ ते केवळ पाहण्यासाठी जपले गेले. आपल्या मध्यमवर्गीय घरांत बायकांना केवळ पाहण्यासाठी, केवळ स्वतःसाठी असे किती काही ठेवता येत होते, याचा विचार केला म्हणजे त्या घमेल्याचे मोल ध्यानात येते.

त्याचा प्रसारही याच वाटेने झाला. रोपवाटिकेत पैसे मोजून आणण्याचे हे रोप नव्हते. बोटभर फांदी मोडायची, कागदात गुंडाळायची आणि "जा, खोचून दे" म्हणून शेजारणीच्या हाती द्यायची. पोस्टाच्या पाकिटातून माहेराहून सासरी आलेल्या फांद्या आम्ही पाहिल्या आहेत. चार-पाच दिवसांच्या प्रवासाने मलूल झालेली ती काडी मातीत खोचली की आठवड्यात धरत असे. राजेराण्यांच्या बागांच्या नोंदी दप्तरांत सापडतात. या देवाणघेवाणीची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

ती काडी इतकी चिवट का, याचे उत्तर शास्त्राने अलीकडे दिले आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पानांची रंध्रे उघडून हवेतला कार्बन घेतात आणि त्या व्यवहारात पाणी गमावतात. मका, ऊस यांनी कडक उन्हात हे काम वेगाने उरकण्याची एक युक्ती साधली. निवडुंगासारख्यांनी दुसरी, म्हणजे रात्री रंध्रे उघडून कार्बन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारे लावून तो वापरायचा. पोर्तुलाका कुळाजवळ या दोन्ही युक्त्या आहेत. एरवी ती उसाच्या वाटेने चालते. पाणी तुटले की निवडुंगाची वाटही धरते. घोळीवर संशोधन करणाऱ्या येल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की या दोन्ही प्रक्रिया एकाच पानात, एकाच पेशीत गुंफलेल्या असतात. पाण्याचा ताण पडलेली घोळ पहाटे खुडली तर दुपारच्या घोळीपेक्षा आंबट लागते, ती या रात्रीच्या साठ्यामुळे.

रंगाचेही तसेच. गुलाब-जास्वंदीचा लाल रंग ज्या द्रव्यांचा असतो, ती द्रव्ये या फुलात नाहीत. त्याचा रंग बीटचा, लाल माठाचा, बोगनवेल-गुलबक्षीचा सगोत्र आहे. या रंगद्रव्यांच्या घडणीतले एक कळीचे जनुक २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी वेगळे केले, ते याच ऑफिस टाईममधून. आणखी एक गंमत घरबसल्या पाहता येते. उघड्या फुलातील केसरांना काडीने हलकेच स्पर्श करावा. ते स्पर्शाच्या दिशेने झुकतात. मधमाशीच्या अंगाला पराग लागावा म्हणून ही योजना आहे.

आता जोपासनेविषयी थोडे. कारण इतिहास वाचून कुणाला हे रोप लावावेसे वाटले तर तो हा लेख सार्थकी लागला असे आम्ही समजू. मेंडोझाची रेताड जमीन आणि उघडे आकाश एवढे ध्यानात ठेवले की बाकीचे नियम आपोआप सुचतात. रोजचे किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत रोप मरत नाही, पण लांबट, फिकट होते आणि फूल धरत नाही. मुळे उथळ असल्याने खोल कुंडीपेक्षा पसरट भांडे बरे. तळाला भोके हवीतच. मातीत निम्मी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा, शेणखत मूठभर पुरे. खत अधिक झाले की पाला माजतो आणि फुले कमी होतात. वरची माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळा हा या रोपाचा खरा शत्रू आहे. आषाढ-श्रावणात खोड मऊ पडून कुजते, म्हणून मृगाआधी पाच-सात फांद्या मोडून वळचणीखाली निराळ्या डब्यात लावून ठेवाव्यात. फांदी तीन-चार बोटे लांब घ्यावी, खालची पाने काढावीत, तासभर सुकू द्यावी आणि खोचावी. बी पेरायचे असेल तर मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये. उजेड आणि ऊब मिळाली की दहा-पंधरा दिवसांत उगवते. दुहेरी पाकळ्यांच्या जातीचे बी आईसारखेच निघेल याची खात्री नसते, तेथे फांदीच विश्वासाची. पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढी फांदी तोडून टाकावी. लांबलेली रोपे मधूनमधून खुडली की भरगच्च होतात, आणि खुडलेले टाकून न देता कुणाला तरी द्यावे.

हल्ली रोपवाटिकांतून पोर्तुलाका या नावाने जे मिळते त्यांत रुंद, चपट्या पानांचीही रोपे असतात. त्यांतली पुष्कळशी पोर्तुलाका अंब्रॅटिकोला या निराळ्या जातीची किंवा तिच्या संकराची. तिच्या फळाभोवती पातळ झालर असते. जुन्या ऑफिस टाईमचे पान सुईसारखे लांबोळे आणि गोल. दोघींची निगा सारखीच. आमच्या आईने मात्र चपट्या पानांच्या रोपाला शेवटपर्यंत ऑफिस टाईम म्हटले नाही.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली आणि आमचे महाविद्यालय घरात आले. सकाळी साडेनऊचा तास आम्ही सज्जात बसून, मोबाईल एका डब्याला टेकवून घेऊ लागलो. तो डबा ऑफिस टाईमचा होता. फांदी सोलापूरच्या घमेल्यातली, दोन घरे आणि एक शहर बदलून आलेली. अध्यापनाची इतकी वर्षे सरली होती आणि कामाच्या दिवशी हे फूल उघडताना आम्ही तेव्हा प्रथमच पाहिले. पाकळ्या एकदम सुटत नाहीत. आधी कळीची पिळवट सैल होते, मग कडा विलग होतात, आणि आपण पटावरची पुढची दोन नावे वाचून वर पाहावे तो फूल पूर्ण उघडलेले असते. वडील तोवर हयात नव्हते. आईला फोन करून हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय नवल? ते रोजच तसं उघडतं." ते रोज तसे उघडत होते हे तिला ठाऊक होते. आम्हांला ते कळायला कचेऱ्या बंद पडाव्या लागल्या.